गाडीच्या इंजिनातील ऑइल बिनचूक कसे मोजावे?

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांकडे आज स्वतःची एखादी गाडी असते. कोणाकडे माल वाहणारा छोटा टेम्पो, कोणाकडे ओम्नी किंवा ईको, तर कोणाकडे साधी कार. ती सकाळी मुलांना शाळेत सोडते आणि दुपारी दुकानाचा माल आणते. दुकानातील माल, कारखान्यातील यंत्र आणि ही गाडी, तिन्ही आपले भांडवलच होय. मालाचा हिशेब आपण रोज ठेवतो, यंत्राला तेलपाणी वेळेवर करतो. गाडीचे बोनेट मात्र गाडी बंद पडल्याशिवाय उघडले जात नाही.

इंजिनातील ऑइल कमी पडले की बेअरिंग घासतात, पिस्टन तापून अडकतो आणि शेवटी इंजिन जाम होते. मग गाडी गॅरेजमध्ये, माल रस्त्यात आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात. इंजिनाचे काम काढल्यावर जो खर्च येतो, त्यात वर्षानुवर्षांचे ऑइल आले असते. हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही हे संकट ऑइल अजिबात न पाहणाऱ्यांवरच येते असे नाही. चुकीच्या रीतीने पाहणाऱ्यांवरही ते येते. पट्टी काढली, ओली दिसली, परत खोचली, याला मोजणे म्हणत नाहीत. दुकानदाराला हे सांगायला नको की तराजू ठीक असून भागत नाही, तोलणाऱ्याचा हातही ठीक लागतो. या लेखात आम्ही तेवढेच सांगणार आहोत: माप कसे घ्यावे, ते का चुकते आणि आलेल्या मापावरून काय ओळखावे.

पट्टी नेमके काय दाखवते?

इंजिनाच्या तळाशी एक पत्र्याचे किंवा ओतीव धातूचे भांडे असते. आपले मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. सर्व ऑइल येथे साठते. पंप ते तळातून ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि क्रँक, बेअरिंग, कॅम, व्हॉल्व्ह या भागांपर्यंत दाबाने पोहोचवतो. तेथून ते ओघळत पुन्हा चेंबरमध्ये येते. डिपस्टिक म्हणजे ऑइल मोजण्याची पट्टी. ती या चेंबरमध्ये बुडालेली असते आणि तिच्यावर दोन खुणा असतात. कोठे ‘मिन’ व ‘मॅक्स’ लिहिलेले असते, कोठे ‘एल’ व ‘एफ’, कोठे नुसती दोन भोके किंवा दोन खाचा. खालची खूण म्हणजे याखाली जाऊ नका. वरची म्हणजे याच्या वर भरू नका.

पुष्कळ कारमध्ये या दोन खुणांमधले अंतर सुमारे १ लिटर ऑइलचे असते. लहान इंजिनात त्याहून कमी असू शकते. आपल्या गाडीचा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा. लहान इंजिनात एकंदर ऑइलच ३ लिटरच्या आसपास असते. तेथे अर्धा लिटर कमी होणे म्हणजे सहावा हिस्सा कमी होणे होय. उरलेल्या ऑइलला तेवढेच जास्त काम पडते, ते लवकर तापते आणि लवकर खराब होते.

लाल दिव्यावर विसंबू नका

“ऑइल कमी झाले तर समोर दिवा लागतोच की,” असे अनेक जण म्हणतात. हा मोठा गैरसमज आहे. बहुतेक गाड्यांत तो लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. पंपाला ओढायला ऑइल मिळेनासे झाले की दाब पडतो आणि मग दिवा लागतो. म्हणजे दिवा लागेपर्यंत बेअरिंग कोरडी पडू लागलेली असतात. वळणावर किंवा चढावर हा दिवा क्षणभर लुकलुकला, तरी तो शेवटचा इशारा समजावा. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. “गॅरेजपर्यंत जाऊ” असे म्हणू नये.

चढाचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. भिवंडीहून माल भरून मालेगावकडे परतणाऱ्या गाडीला कसारा घाट चढावा लागतो. चढावर चेंबरमधील ऑइल मागे सरकते, वळणावर बाजूला जाते. पातळी पुरेशी असेल तर पंपाचे तोंड बुडालेलेच राहते. पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर ते उघडे पडून पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. सपाट रस्त्यावर महिनाभर निभावलेली गाडी घाटात दगा देते, त्याचे एक कारण हे असते.

जागा सपाट आहे ना?

मापाची पहिली अट म्हणजे सपाट जागा. उतारावर उभ्या गाडीत ऑइल एका टोकाला जमते. पट्टी त्या टोकाला असेल तर माप जास्त दिसते, दुसऱ्या टोकाला असेल तर कमी. हा फरक किरकोळ नाही. समजा, चेंबर ४० सेंटिमीटर लांब आहे आणि गाडी ५ अंशांच्या उतारावर उभी आहे. मध्यापासून टोकापर्यंत २० सेंटिमीटर अंतर. तेवढ्यात पातळी सुमारे पावणेदोन सेंटिमीटर वर किंवा खाली जाते. बऱ्याच पट्ट्यांवर दोन खुणांमधले अंतरही साधारण तेवढेच असते. म्हणजे रिकामे इंजिन भरलेले दिसू शकते आणि भरलेले रिकामे.

आपल्या गल्लीत गटाराच्या बाजूला उतार असतोच, आणि डोळ्यांना तो कळत नाही. गवंडी वा सुतार बंधूंकडे पाणसळ असते; ती जमिनीवर उभी-आडवी ठेवून पाहावी. ती नसेल तर तांब्याभर पाणी ओतावे. पाणी एका बाजूला धावत गेले तर जागा बदलावी. एकदा चांगली जागा सापडली की दर वेळी तेथेच, त्याच दिशेने तोंड करून गाडी उभी करावी. माल भरण्यापूर्वी माप घ्यावे, कारण मागे वजन पडले की गाडीचा मागचा भाग दबतो आणि सपाट जागेवरही इंजिन कलते. टायरमधील हवाही सारखी असावी.

किती वेळ थांबावे?

गाडी चालू असताना बरेचसे ऑइल वर, इंजिनाच्या माथ्यावर आणि नळ्यांत फिरत असते. इंजिन बंद करताच पट्टी काढली तर ते ऑइल अजून खाली आलेले नसते आणि माप कमी दिसते. पेट्रोल पंपावर रांगेत उभे राहून घाईने घेतलेले माप म्हणूनच फसवे असते. ते पाहून अर्धा लिटर ऑइल ओतले जाते आणि घरी आल्यावर पातळी वरच्या खुणेच्याही वर निघते.

अनेक पुस्तिकांत असे सांगितलेले असते की माप इंजिन सुरू करण्यापूर्वी घ्यावे, किंवा गरम इंजिन बंद करून किमान ५ मिनिटे थांबून घ्यावे. काही कंपन्या गरम इंजिनावरचेच माप खरे मानतात, काही थंड इंजिनावरचे. पट्टीवरच्या खुणा कंपनीने त्या हिशेबाने कोरलेल्या असतात. म्हणून येथे शेजाऱ्याचा अनुभव नव्हे, आपल्या गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

हा फरक का पडतो तेही समजून घेऊ. तापले की ऑइल फुगते. ३ लिटर ऑइल ३० अंशांवरून ९० अंशांवर गेले तर ते सुमारे सव्वाशे मिलिलिटरने वाढते. म्हणजे गरम ऑइल फुगल्यामुळे पातळी थोडी जास्त दिसते, तर वर अडकलेल्या ऑइलमुळे थोडी कमी दिसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. यातून सुटण्याचा सोपा उपाय असा की पुस्तिकेने सांगितलेली रीत एकदा ठरवावी आणि मग कधीही बदलू नये. आज सकाळी थंड, पुढच्या आठवड्यात दुपारी गरम, अशा मापांची तुलना करणे व्यर्थ आहे.

थंड इंजिनाचे माप चालत असेल तर रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्यापूर्वी पाहणे सर्वांत सोयीचे. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. आठवड्याचे हे काम त्या सकाळी ठेवले तर विसर पडत नाही.

पट्टी दोनदा बुडवावी

पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरचे माप कधीही धरू नये. गाडी चालताना ऑइल उसळून पट्टीला आणि तिच्या नळीला लागलेले असते. पट्टी बाहेर काढून स्वच्छ सुती फडक्याने पुसावी. धागे सुटणारी चिंधी वापरू नये. ते धागे पट्टीबरोबर चेंबरमध्ये जातात. मग पट्टी सरळ आणि शेवटपर्यंत आत सारावी. तिचे डोके नळीच्या तोंडावर पक्के टेकले पाहिजे. अर्धा सेंटिमीटर जरी वर राहिली तरी ऑइल तेवढे कमी दिसते. दोन-तीन सेकंद थांबून पट्टी बाहेर काढावी आणि टोक खाली किंवा पट्टी आडवी धरून पाहावे. टोक वर केले तर ऑइल ओघळून वर चढते आणि माप बिघडते.

पट्टीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. नळीला लागलेले ऑइल एका बाजूला चिकटून ती बाजू जास्त ओली दिसते. जेथे पट्टी पूर्ण रुंदीभर सलग ओली आहे तेथपर्यंतच पातळी समजावी, आणि दोन बाजूंत फरक असेल तर कमी असलेली धरावी. ताजे ऑइल इतके स्वच्छ असते की पट्टीवर दिसत नाही. अशा वेळी पट्टी पांढऱ्या कागदावर टेकवावी. कागदावर उमटलेला डाग पातळी सांगतो. शंका असेल तर तिसऱ्यांदा बुडवावी. दोन मापे सारखी आली की ते माप खरे.

ओम्नी, ईको किंवा २००५ साली बाजारात आलेली टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलायची म्हणजे वरचे सामान काढावे लागते, म्हणून कंटाळा होतो. सर्वांत जास्त राबणाऱ्या गाड्यांचेच ऑइल सर्वांत कमी वेळा पाहिले जाते ते यामुळे.

कमी असेल तर किती घालावे?

पातळी दोन खुणांच्या मध्यावर किंवा त्यावर असेल तर घाई नाही. मध्याच्या खाली असेल आणि लांबचा प्रवास असेल तर भरून घ्यावे. समजा दोन खुणांमध्ये १ लिटर आहे आणि पातळी बरोबर मध्यावर आहे. म्हणजे अर्धा लिटर कमी आहे. तरी एकदम अर्धा लिटर ओतू नये. आधी ३०० मिलिलिटर घालावे, पाच-दहा मिनिटे ते खाली उतरू द्यावे, पुन्हा मोजावे आणि मग उरलेले घालावे. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबणे चांगले. घातलेले ऑइल काढणे फार त्रासाचे असते.

ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच असावे. डब्यावर ‘१५ डब्ल्यू ४०’ किंवा ‘५ डब्ल्यू ३०’ असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा गरम इंजिनातील घट्टपणा सांगतो. जाड ऑइल जास्त चांगले, ही जुनी समजूत नव्या इंजिनांना लागू पडत नाही.

ऑइल बदलल्यावर आणखी एक काळजी घ्यावी. नवा फिल्टर रिकामा असतो. ऑइल भरून लगेच मोजले तर पातळी पूर्ण दिसते. इंजिन सुरू होताच फिल्टर आपला वाटा ओढून घेतो आणि पातळी उतरते. म्हणून एक-दोन मिनिटे इंजिन चालवून, बंद करून, थांबून, पुन्हा मोजावे. गॅरेजमधून निघण्यापूर्वी हे आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे.

जास्त ऑइलही घातक

“थोडे जास्त असले तर बरेच,” असे समजू नये. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक त्या ऑइलला घुसळू लागतो. ताक घुसळल्यासारखा फेस होतो. फेसात हवा असते, आणि हवेने बेअरिंगला ऑइलचा आधार मिळत नाही. दाब वाढून सील गळू लागतात, ऑइल हवेच्या नळीतून इंजिनात जाऊन जळते आणि निळा धूर येतो. डिझेल इंजिनात तर असे आत गेलेले ऑइलच इंधन होऊन इंजिन आवरेनासे होण्याचा धोका असतो. पातळी वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर गाडी न चालवता जादा ऑइल काढून घ्यावे.

न घालता पातळी वाढली तर?

ऑइल आपोआप वाढत नाही. पातळी वाढली तर त्यात काहीतरी मिसळले आहे. ऑइल दुधाळ किंवा गढूळ दिसले तर रेडिएटरचे पाणी आत येत असण्याची शक्यता असते. हेड गॅस्केट तपासावे आणि तोपर्यंत गाडी चालवू नये. झाकणाच्या आत फक्त थोडी पिवळसर साय असेल आणि गाडी रोज थोडेच अंतर चालत असेल, तर ती नुसत्या दमटपणाचीही असू शकते. अशा वेळी रेडिएटरच्या पाण्याची पातळी पाहून खात्री करावी.

पट्टीला पेट्रोलचा किंवा डिझेलचा वास आला आणि ऑइल पातळ लागले तर इंधन उतरत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते. गाडी बाजारातल्या बाजारात थांबत-थांबत फिरत असेल तर ही क्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहते, आणि अनेक इंजिनांत त्यातील थोडे डिझेल चेंबरमध्ये उतरते. म्हणून अशा गाडीची पातळी वरच्या खुणेवर गेली की आनंद मानू नये. ऑइल लवकर बदलावे. या गाड्यांना कमी राख करणारे खास ऑइल लागते, हेही लक्षात असू द्यावे.

यातून आणखी एक फसवणूक होते. इंजिन जेवढे ऑइल जाळते तेवढेच इंधन खाली उतरले तर पातळी महिनोन्‌महिने जागची हलत नाही. मालक निश्चिंत असतो. मग एखाद्या दिवशी लांबचा प्रवास घडतो, तापलेल्या ऑइलमधील इंधन उडून जाते आणि पातळी एकदम खाली येते. म्हणून लांब प्रवासापूर्वी पाहावे तसे लांब प्रवासानंतरही पाहावे.

रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. डिझेल गाडीतील नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते, पण म्हणून ते नवे राहत नाही.

वहीत चार रकाने

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. एका मापाने फार काही कळत नाही. मापांच्या ओळीने कळते. गाडीत एक लहान वही ठेवावी आणि चार रकाने आखावेत: तारीख, किलोमीटर, पातळी, घातलेले ऑइल.

समजा ६०,००० किलोमीटरला पातळी वरच्या खुणेवर होती आणि ६१,५०० ला मध्यावर आली. दोन खुणांमध्ये १ लिटर धरले तर १,५०० किलोमीटरला अर्धा लिटर, म्हणजे हजार किलोमीटरला सुमारे ३३० मिलिलिटर खप झाला. गाडी थोडे ऑइल खाते यात नवल नाही; काही कंपन्या हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालवून घेतात. पण या खपाने १०,००० किलोमीटरमध्ये ३ लिटर ३०० मिलिलिटर ऑइल जाईल, आणि लहान इंजिनात तर एकंदर ऑइलच ३ लिटरच्या आसपास असते! “दहा हजारांवर ऑइल बदलतो, मध्ये पाहायची गरज नाही,” म्हणणाऱ्याचे इंजिन बदलाची वेळ येण्याच्या कितीतरी आधी कोरडे पडेल.

खप एकदम वाढला तर कारण शोधावे. गाडीखाली डाग असेल तर गळती. निळा धूर असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. वही पाहून मिस्त्रीलाही रोग लवकर कळतो, आणि नको ते काम काढले जात नाही. गाडी चालकाच्या हाती असेल तर ती त्याच्याकडे अमानत आहे. पण त्याला ही रीत शिकवणे आणि वही आठवड्याला पाहणे हे मालकाचे काम आहे.

जुनी गाडी घेतली असेल तर पट्टी त्याच इंजिनाची आहे याची खात्री करावी. तुटलेल्या पट्टीच्या जागी दुसऱ्याच गाडीची पट्टी खोचलेली असू शकते. उपाय सोपा आहे. ऑइल व फिल्टर बदलताना पुस्तिकेत दिलेले ऑइल मोजून भरावे, इंजिन चालवून थांबावे आणि पातळी कोठे येते ते पाहावे. ती वरच्या खुणेच्या आसपास न आल्यास पट्टी बदलावी.

दुचाकीची रीत थोडी वेगळी आहे. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करावी. अनेक मोटारसायकली व स्कूटरमध्ये पट्टी झाकणालाच असते आणि माप घेताना झाकण आटे न फिरवता नुसते टेकवायचे असते. काही गाड्यांत आटे फिरवून बसवायचे असते. पुस्तिका पाहावी. काही महागड्या नव्या कारमध्ये पट्टीच नसते. पातळी समोरच्या पडद्यावर दिसते. तेथेही सपाट जागा लागते आणि इंजिन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तापलेले असावे लागते.

थोडक्यात, सपाट जागा, रिकामी गाडी, ठरलेली वेळ, पुसलेली पट्टी, दोन मापे आणि वहीत एक ओळ. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचे हे काम आहे आणि त्याला एका फडक्याखेरीज काही लागत नाही. येत्या शुक्रवारी सकाळी पहिली ओळ लिहावी.